जीपवाल्याचं हॉटेल

हॉटेलात रोज सगळ्यात जास्त काय उरतं असं कुणी विचारलं, तर मी किस्से म्हणून सांगते. पिठलं संपतं, भाकरी संपते, पण रोज एखादा किस्सा उरतोच, आणि तो दुसऱ्या दिवशी आंबतही नाही. बसलाच आहात तर चार ऐका.

राजूर सोडून भंडारदऱ्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचं हॉटेल आहे. पत्र्याचं छत, सहा टेबलं आणि मागं चूल. मी आत, आमचे हे बाहेर. हॉटेल काढण्याआधी ह्यांनी चौदा वर्षं याच रस्त्यावर पॅसेंजर जीप चालवली आणि मी नऊ वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते. हॉटेलचा अनुभव दोघांनाही शून्य.

उद्घाटनाला सगळा गाव आला. फक्त माझे सासरे आले नाहीत. आबांचं म्हणणं साधं होतं. "दारात आलेल्या मानसाला आपन 'जेवलात का' इचारतो. हाटेलवाला 'काय घेनार' इचारतो. आपल्या घरात ह्ये नगं." त्यांनी भांडण केलं नाही, अबोलाही धरला नाही. फक्त हॉटेलात पाऊल टाकलं नाही. घरी माझ्याच हातची भाकरी खायचे आणि हॉटेलचं नाव काढायचे नाहीत. मला ते फार लागायचं.

*

पहिल्या रविवारी नाशिकचे चौघे आले आणि सहा खुर्च्यांच्या टेबलाशी बसले. ह्यांनी पाणी दिलं, काय हवं ते विचारून घेतलं आणि दारात जाऊन उभे राहिले. अर्धा तास झाला तरी आत काही सांगायला येईनात. शेवटी मीच बाहेर आले आणि विचारलं, गिऱ्हाईक बसून आहे, ऑर्डर का देत नाही?

हे शांतपणे म्हणाले, "दोन सीट बाकी हायेत. भरल्या की सोडतो."

या टेबलाला कुठंही जायचं नाहीये, हे समजावून सांगायला मला आठवडा लागला. अजूनही चौघांच्या बाकड्यावर पाचवा माणूस बसवला की ह्यांचा चेहरा खुलतो.

*

ह्यांचा आवाजही जीपचाच राहिला. रस्त्यावर उभं राहून "चला चला, बसून घ्या" असं ओरडायचे. एकदा वरच्या वाडीतल्या एक आजी दोन पिशव्या घेऊन आल्या आणि बसल्या. मी पिठलं-भाकरी वाढली. त्यांनी पोटभर खाल्लं, पदरानं तोंड पुसलं आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तासाभरानं ह्यांना हाक मारून म्हणाल्या, "बाळा, गाडी कव्हा सुटायची?"

हल्ली जीपवाले आधी जेवू घालतात, अशी त्यांची समजूत झाली होती. हे त्यांना मोटारसायकलवर राजूरला सोडून आले.

*

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल, ही नुसती नवऱ्यालाच नावं ठेवते.

अंगणवाडीत पोरांनी खिचडी टाकलेली मला खपायची नाही. ती सवय काही सुटली नाही. एक चांगले पन्नाशीचे, ढेरपोटे साहेब अर्धी भाकरी टाकून उठत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बसा खाली. ताटात टाकायचं नसतं." साहेब निमूट बसले. हे बाहेर कपाळाला हात लावून उभे. मलाही घाम फुटला, कारण बोललेलं काही परत घेता येत नाही.

पाच मिनिटांनी साहेब चुलीपाशी आले, रिकामं ताट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाई, संपवलं."

*

एकदा पनीरवरून आमचं वाजलं. ह्यांचं म्हणणं, शहरातली माणसं पनीर मागतात. माझं म्हणणं, शहरातली माणसं पनीर शहरात खातात, इथं ती चुलीवरचं खायला येतात. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण हॉटेल तर चालवायचं होतं. मग हे गिऱ्हाइकालाच सांगायचे, "तेवढं आत जाऊन सांगा, दोन पिठलं." गिऱ्हाईक उठून आत यायचं आणि सांगायचं.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आत आले आणि जरा घुटमळले. म्हणाले, "वहिनी, तीन पिठलं. आणि ते म्हणतात, पनीर राहू द्या."

*

आबा रोज सकाळी डेअरीला दूध घालायला आमच्यासमोरूनच जायचे. हॉटेल आलं की छत्री उघडायचे आणि आमच्या बाजूला आडवी धरायचे. ऊन पलीकडून येत असलं तरी छत्री आमच्याच बाजूला. हॉटेल मागं पडलं की मिटायचे. आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा ह्यांनी ते दुरुस्तच केलं नाही. म्हणायचे, "आबांची छत्री गेली, म्हंजी सव्वासात." हसत म्हणायचे, पण छत्री दिसेनाशी होईपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

*

मागच्या हिवाळ्यात सासूबाई नणंदेकडे संगमनेरला गेल्या होत्या. आबांचं जेवण झाकून ठेवून मी हॉटेलात यायचे. एका दुपारी दोनच्या सुमाराला बघते तर आबा दारात. घरात वानरं शिरून भाकरीचं टोपलं उपडं करून गेली होती, पण ते मला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. आबांनी स्वतःहून कधीच सांगितलं नाही.

हॉटेल भरलेलं होतं. आबांनी दारात चपला काढल्या. आमच्याकडं कुणीच काढत नाही. हे पाठमोरे, वाकून टेबल पुसत होते. पावलं ऐकली आणि मान वर न करता, तीन वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "काय घेणार?"

फडकं झटकत हे वळले आणि समोर बाप बघून जागच्या जागी उभे राहिले. आबा परत फिरले आणि चपलेत पाय घालू लागले. आज गेले तर आबा पुन्हा कधी यायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी पिठाच्या हातांनी दारापर्यंत पळत गेले.

"आबा, जेवलात का?"

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

ह्यांनी त्यांना कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसवलं आणि ताट आणलं. घाईत ठेवताना थोडं पिठलं सांडलं. मी भाकरी वाढली. आबांनी पहिला घास घेतला. तेवढ्यात पुण्याचे एक पाहुणे आले. कुठंच जागा नव्हती, म्हणून आबांच्या बाकड्यापाशी उभं राहून ते ह्यांच्याकडं बघू लागले. हे काही बोलायच्या आत आबाच सरकले, शेजारची जागा हातानं झटकली आणि त्या पाहुण्यांना म्हणाले,

"बसा की. जेवलात का?"