खिडकीजवळची चौथी जागा

लोककथांसाठी मला आयुष्यभर गावोगाव हिंडावे लागले. किस्से मात्र कोणी गोळा करत नाही. चार माणसे वर्षानुवर्षे एकाच खोलीत बसली की ते आपोआप साचतात. आम्हा चौघांचे फणसवाडीत, मधू पेडणेकरच्या घरी, दर शनिवारी असेच साचत गेले. अलीकडे मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहतो, कारण त्यांत आता भर पडत नाही.

*

व्हिएन्ना, प्राग, बर्लिन हा बेत मधूचा. करी रोडचा राणे, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सगळ्या प्रवासाचा एकच रेल्वे पास काढू म्हणत होता. मधूने मोबाइलवर भाड्यांची तुलना केली आणि निकाल दिला.

"पास म्हणजे अमर्याद थाळी, आणि आपण चौघं खाणार दोन-दोन पोळ्या! सुटी तिकिटं आधीच काढली तर कितीतरी स्वस्त पडतात रे."

राणेने पासाचे नाव पुन्हा काढले नाही.

*

स्वस्त तिकिटांच्या अटी राणेनेच वाचून दाखवल्या. रद्द केल्यास पैसे परत नाहीत. नाव बदलता येणार नाही. मधूवर परळच्या एका इस्पितळात कर्करोगाचे उपचार चालू होते आणि प्रवासाला बरेच महिने होते. राणेने चाचरत सुचवले की तिघांची स्वस्तातली घेऊ, मधूचे तेवढे रद्द करता येईल असे काढू.

"म्हणजे मी येणार नाही हे धरूनच चाललायस, मेल्या," मधू म्हणाला. "माझंही स्वस्तातलंच काढ. खिडकीजवळचं."

चारही जागा एकाच टेबलाभोवतीच्या मिळाल्या.

*

डॉक्टरांनी त्याला दगदग टाळायला सांगितले. त्याने उत्तर दिले, "दगदग गाडीला, डॉक्टर. मी बसून असणार."

डॉक्टर हसले नाहीत, हे मधूनेच आम्हाला हसत हसत सांगितले.

*

एकदा त्याने मला विचारले, तिघे प्रवासाला निघाले की खिशात खडा का ठेवतात. मी रीतसर विवेचन केले: तिघांनी मिळून निघणे अशुभ मानले जाते, म्हणून खड्याला चौथा सोबती मानून संख्या पुरी करतात, निर्जीव वस्तूने अनुपस्थित माणसाची जागा भरणे आपल्या विधींमध्ये अन्यत्रही आढळते.

भोईवाड्याचा जाधव विज्ञानाचा शिक्षक. असल्या प्रथांवर तो तुटून पडे. "खड्याचं तिकीट कुठल्या वर्गाचं काढायचं, पंडित?"

"त्याला लागतच नाही," मधू म्हणाला. "सगळ्यांत स्वस्तातला प्रवासी तोच."



*

मधू गेला. राणेने रेल्वे कंपनीला सारी हकीकत लिहून कळवली. उत्तरात आधी सांत्वन होते, मग नियम. आम्ही तिघांनी न जाण्याचे ठरवले आणि ते सांगायला फणसवाडीत गेलो.

सुनंदावहिनींनी चहाचे कप पुढे ठेवले. त्या मधूच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, "एक वाया गेलं ते गेलं. उरलेली तिन्ही तुम्ही घालवलीत, तर ह्यांना मी काय सांगू?"

विमानतळावर आम्ही तिघेच होतो. प्रथेचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

*

व्हिएन्नाहून प्रागची गाडी सुटली. टेबलाभोवती आम्ही तिघे; खिडकीजवळची जागा रिकामी. एका वृद्ध बाईंनी तेथे कोणी बसले आहे का, असे विचारले. राणे त्यांना वाट करून द्यायला उठला. जाधवने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले आणि खिशातून सुपारीएवढा खडा काढून टेबलावर, खिडकीच्या बाजूला ठेवला. मधूच्या गॅलरीतल्या कुंडीत असले खडे असत. जागा घेतलेली आहे, असे त्याने बाईंना नम्रपणे सांगितले. त्या पुढे गेल्या.

काही वेळाने तिकीट तपासनीस आला. राणेने मोबाइलवर चारही तिकिटे दाखवली. तपासनीसाने आमच्यावरून नजर फिरवली आणि चौथे प्रवासी कुठे आहेत, असे विचारले.

जाधवने खड्याकडे बोट केले.

तपासनीसाने खड्याकडे पाहिले, मग जाधवकडे. आणि चौथे तिकीटही तपासले.