आवक दिनांक ४ मे

माळावरच्या बी.एड. कॉलेजात पंधरा वर्षांत तीन प्राचार्य झाले आणि प्राध्यापक तर किती आले नि किती गेले याची गणतीच नाही, पण सूचना फलकाची किल्ली सगळा काळ एकाच माणसाच्या खिशात राहिली. व्यंकटी सोनकांबळे त्याचं नाव. हुद्दा आवक-जावक कारकून. अंगात पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचा पेन, आणि अक्षर इतकं सुरेख की नापास झालेली पोरंही आपला निकाल दोनदा वाचायची.

कंधारपासून चार मैलांवर, कुसळांच्या उघड्या माळावर हे कॉलेज. जवळ बाजार नाही, पेपर विकणारा नाही. विद्यापीठाची परिपत्रकं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कुठल्या शाळेत जागा निघाली, कुठं मुलाखती आहेत, अशी जी काही जगाची खबर तिथल्या पोरापोरींना लागायची, ती व्यंकटीच्या काचेच्या फलकावरूनच. आणि त्या फलकाचा त्यानं एक नेम करून ठेवला होता. टपाल आलं की पाकीट फोडायचं, जांभळा शिक्का मारायचा, त्यात आवक क्रमांक आणि तारीख घालायची, प्राचार्यांची सही घ्यायची, आणि सकाळी अकराला भुजंग शिपायानं घंटा वाजवली की सगळ्यांदेखत काच उघडून कागद लावायचा. त्याच्या आधी कोणाच्या कानात एक शब्द सांगायचा नाही. प्राध्यापकाला नाही, पाहुण्याला नाही, घरच्याला तर नाहीच.

सहीची अट त्यानंच पहिल्या प्राचार्यांच्या मागं लागून घालून घेतली होती. सही असली की कोणी दाबलं, कोणी आधी सांगितलं, अशी तक्रार उरत नाही, असं त्याचं म्हणणं.

या सोवळेपणाला कारण होतं. व्यंकटी मॅट्रिक झाला त्या वर्षी त्याच्या शाळेत ग्रामसेवकाच्या ट्रेनिंगची नोटीस आली होती. कारकुनानं ती आधी आपल्या मेव्हण्याला दाखवली. मेव्हण्याचा अर्ज गेला, आणि मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी नोटीस फळ्यावर आली. व्यंकटी अनवाणी पायानं त्या फळ्यासमोर उभा राहिला आणि शेवटची तारीख त्यानं तीन वेळा वाचली. त्याच दिवशी त्यानं मनाशी गाठ मारली, की आपल्या हाती कधी असं काम आलं तर खबर सगळ्यांना एकदमच कळेल. हा किस्सा त्यानं आपल्या लेकीला, पंचशीलाला, इतक्या वेळा सांगितला होता की पुढंपुढं ती तो त्याच्याआधीच म्हणून दाखवायची.

पंचशीला बी.एस्सी. झालेली. वस्तीत विज्ञान शिकलेली ती पहिलीच पोरगी. त्र्याऐंशी साली तिनं बापाच्याच कॉलेजातून बी.एड.ची परीक्षा दिली आणि निकालाची वाट बघत घरी बसली. बसली म्हणजे काय, दुष्काळ होता, बसून कोणाला परवडत होतं? विहिरीनं तळ दाखवला होता, टँकर यायचा तेव्हा यायचा. कॉलेजचं वसतिगृह पाण्यावाचून एप्रिलातच रिकामं केलेलं. आई धुरपताबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, तिच्याबरोबर ही बी.एस्सी.वालीही टोपलं घेऊन जायची. संध्याकाळी आली की हाताचे फोड बघत पहिला प्रश्न बापाला.

"बाबा, कुठली जागा आली का?"

आणि बापाचं उत्तर ठरलेलं. "फलकावर लागलं की दिसंल."

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या शाळांना मंजुऱ्या. लोक म्हणायचे, आता त्या बाजूला मास्तरांची चंगळ आहे. मे महिन्याच्या चार तारखेला खरंच उदगीरच्या बाजूच्या एका संस्थेचं पाकीट आलं. कागदाच्या डोक्यावर छापील 'जि. उस्मानाबाद' होतं, ते खोडून वर शाईनं 'लातूर' लिहिलेलं. व्यंकटीनं पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मुलींची नवी शाळा. गणित-विज्ञानाची शिक्षिका, एक जागा, अनुसूचित जातीसाठी राखीव. बी.एड.ची परीक्षा दिलेल्या उमेदवारही चालतील. राहायला खोली. अर्ज पोचण्याची शेवटची तारीख सोळा मे. आपल्या प्रशिक्षणार्थींना कळवावे, ही विनंती.

तिथं नुसतं पंचशीलाचं नावच लिहायचं राहिलं होतं म्हणा ना. त्यानं शिक्का मारला, 'आवक क्र. ११२, दि. ४ मे' असं आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं, आणि कागद घेऊन प्राचार्यांच्या दारात उभा राहिला.

प्राचार्य शेषेराव टेकाळे निघायच्या गडबडीत होते. लातूरला संस्थेची दुसरी शाखा काढायचं खूळ तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, त्यामुळं आठवड्यातले चार दिवस ते लातूरला, नव्या साहेबांच्या गळ्यात हार घालायला. "ठेवा तिथं, सोनकांबळे," ते म्हणाले. "आल्यावर बघतो."

"सर, मुदतीचा कागद हाय."

"अहो, कुठं पळून चाललाय का तो?" आणि गेले.

कागद टेबलावर काचेच्या गोळ्याखाली राहिला. सर तीन दिवसांनी आले, ते पाण्याच्या टँकरसाठी तहसीलला गेले. तिथून आले, तर कोणाच्या तरी लग्नाला गेले. मधल्या वेळात खुर्चीवर टेकायचे तेव्हा समोर चार माणसं बसलेली असायची. व्यंकटी दाराशी जाऊन उभा राहायचा, खाकरायचा. सर हातानंच 'नंतर' असं करायचे, आणि हा परत फिरायचा. खरं सांगतो, याचा मला अजून राग येतो. खाकरण्याशिवाय या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. पंधरा वर्षं नोकरी केलेला, साऱ्या कॉलेजचं टपाल ज्याच्या हातावरून जातं, तो माणूस एका सहीसाठी दाराशी खाकरत उभा!

भुजंगाला सगळं दिसत होतं. टेबल तोच पुसायचा, गोळ्याखालचा कागद त्यानं वाचला होता. अकरा तारखेला त्यानं व्यंकटीला बाजूला घेतलं.

"मामा, पंचीसाठीच आलेली जागा हाय ती. पोरीच्या कानात सांगून मोकळे व्हा ना. कोण बघून राहिलंय?"

"मी बघून राहिलोय ना," व्यंकटी म्हणाला. "आन् पंचीच्या वर्गातली अर्धापूरकडची ती पोरगी हाय, तीबी विज्ञानाचीच, तीबी आपल्यातलीच. तिचा बाप केळीच्या मळ्यात मजुरी करतो. तिला कोण सांगंल?"

"तिलाबी टाका की एक कार्ड."

"सही न्हाई अजून."

भुजंगानं कपाळावर हात मारला. "धन्य आहात," म्हणाला आणि कळशी घेऊन टँकरच्या रांगेत गेला.

त्या दिवशी घरी व्यंकटी जेवायला बसला होता. पंचशीला आईच्या बोटांना खोबरेल लावत होती. धुरपताबाईचं अंगठ्याशेजारचं बोट दगडाखाली चेंगरलं होतं. "आणखी एक हप्ता," ती म्हणत होती, "मग मुकादम म्हणतो काम दुसरीकडं नेणार. तिकडं चालत जाणं मला होणार न्हाई." पंचशीलानं मान वर केली. "बाबा, उदगीरकडं लई शाळा निघाल्यात म्हणून राहिले लोक. तुमच्याकडं कायबी कागद आला न्हाई?"

व्यंकटीनं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. गोळ्याखाली कागद आहे, सोळा तारीख आहे, उद्या सकाळच्या गाडीनं जा. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. मग त्याला तो जुना फळा दिसला, तो कारकून दिसला, मेव्हणा दिसला. त्यानं पाण्याचा घोट घेतला.

"फलकावर लागलं की दिसंल," तो म्हणाला.

आला न्हाई असं तो म्हणाला नाही, एवढंच काय ते त्याचं समाधान. आला असंही म्हणाला नाही. पोरीनं बापाच्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि पुन्हा आईचं बोट हातात घेतलं.

बारा, तेरा, चौदा. पंधराला रविवार. सोळाला सर आलेच नाहीत. सोळाच्या संध्याकाळी कचेऱ्या बंद व्हायच्या वेळी व्यंकटी प्राचार्यांच्या रिकाम्या खोलीत गेला आणि त्या कागदाकडं बघत उभा राहिला. काचेच्या गोळ्यातून 'शेवटची तारीख' ही अक्षरं मोठी होऊन दिसत होती. रडावं की डोकं आपटून घ्यावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं गोळ्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि बाहेर आला.

सतराला सकाळी सर खुशीत आले. शाखेचं काम जमत आलं होतं म्हणे. त्यांनी एका दमात सगळ्या साचलेल्या कागदांवर सह्या केल्या, एकही न वाचता. "घ्या, सोनकांबळे. तुम्ही उगीच जिवाला लावून घेता."

व्यंकटी कागद हातात घेऊन व्हरांड्यात आला. भुजंग म्हणाला, "मामा, फाडून टाका. तारीख गेली. आता लावून काय उपयोग? पंचीला कळायचंबी न्हाई."

तेही खरं होतं. चुलीत टाकला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण आला कागद लावायचाच, हाही नेमच होता. घंटा झाली. व्यंकटीनं काच उघडली, चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या, काच बंद केली.

निकालाची काही खबर आहे का ते बघायला त्या दिवशी पाच-सहा पोरं आली होती. त्यांच्यात पंचशीलाही होती, खडीच्या कामावरून तशीच, केसांत पांढरी धूळ. पोरांनी कागद वाचला, "गेली की तारीख" म्हणाली आणि पांगली. ती एकटी उभी राहिली. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं. मुलींची शाळा. गणित-विज्ञान. राखीव. राहायला खोली. सोळा मे. मग तिची नजर कोपऱ्यातल्या जांभळ्या शिक्क्यावर गेली, आणि त्यात बापाच्या हातानं, ठळक, कोणालाही लांबूनच वाचता यावं असं लिहिलेलं होतं. दि. ४ मे.

व्यंकटी मागं किल्ली धरून उभा होता. त्याला बोलायचं होतं. सरांची सही नव्हती गं. नेम आहे. तुला सांगितलं असतं तर मी त्या कारकुनासारखाच झालो असतो. सगळं पाठ होतं त्याला.

पंचशीला वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तोच वाईट होता.

"बाबा, त्या कारकुनानं निदान आपल्या माणसाला तरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमी तर कोणालाच न्हाई सांगितलं. मला न्हाई आन् त्या अर्धापूरच्या पोरीलाबी न्हाई. तेरा दिवस तुमी नुसते घाबरून बसला."

आणि ती टोपलं उचलून खडीवर निघून गेली. अर्ध्या रोजाचं काम अजून बाकी होतं.

पोरीच्या कानात सांगावं की गप्प बसावं, एवढे दोनच रस्ते व्यंकटीला तेरा दिवस दिसत होते. चार तारखेलाच काच उघडून, सही नसताना, सगळ्यांदेखत कागद लावता आला असता, आणि अर्धापूरला एक कार्डही टाकता आलं असतं. किल्ली तर त्याच्याच खिशात होती. अट त्याचीच होती, ती मोडायला कोणाची परवानगी लागणार होती? फार फार तर सर ओरडले असते. त्या ओरडण्याला तो भ्याला होता, आणि त्या भीतीला इतकी वर्षं नेम म्हणत आला होता. हे चोवीस वर्षांच्या पोरीला एका नजरेत कळलं आणि त्याला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कळलं नाही, याचीच त्याला जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी टपालात नांदेडकडच्या एका शाळेचा कागद आला. मराठीची जागा, एक. व्यंकटीनं शिक्का मारला, तारीख घातली आणि प्राचार्यांच्या दारावरून तसाच पुढं गेला. अकरा वाजायला अजून अवकाश होता तरी तो भुजंगाला म्हणाला, "घंटा दे."

"सही?"

"घंटा दे म्हणतो ना!"

घंटा झाली. त्यानं काच उघडली आणि बिनसहीचा कागद लावला. आतून सरांची हाक आली, "सोनकांबळे! घंटा आत्ताच का वाजली?" व्यंकटीनं चौथी टाचणी नीट बसवली आणि मगच वळला. फलकासमोर तेव्हा कोणीच नव्हतं. पंचशीला खडीवर गेली होती.