ग्रिल तापेना तेव्हा

आमच्या घरातली बरीच माणसं फौजेत गेली, पण अधिकारी कोणी झालं नव्हतं. मीही हवालदार म्हणून निवृत्त होऊन आटपाडीला परतलो. म्हणून लेक लेफ्टनंट होऊन पहिल्यांदा सुट्टीवर आली, तेव्हा सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. तिला कोळशावर भाजलेलं चिकन आवडतं, म्हणून पुतण्याची बार्बेक्यू ग्रिल मागून आणली.

माणसं जमली, पण ग्रिल काही तापेना. कोळसे कडेला पांढरे पडायचे आणि मधे काळेच राहायचे. चिकन फिकटच. मी सुपानं वारा घालून घालून घामाघूम झालो. माझे थोरले बंधू निवृत्त सुभेदार. ते खुर्चीतून म्हणाले, "रॉकेल वत की रं थोडं!"

"नगं आप्पा, चिकनला वास लागंल," म्हणत लेक घरातून आली. तिनं जाळीवर हात धरून पाहिला, मग वाकून खालून बघितलं.

"बाबा, हिला खालनं हवाच मिळत न्हाई. वरनं किती बी वारा घाला."

तिनं चिकन उतरवलं, चिमट्यानं निखारे घमेल्यात काढले. ग्रिलच्या तळाच्या भोकांत जुनी राख चरबीत मिसळून गच्च बसली होती. स्क्रूड्रायव्हरनं तिनं एकेक भोक मोकळं केलं. मग कोळशाचं पोतं चाचपलं, तर वरचा कोळसा दमट.

"आप्पा, तळातला कोरडा कोळसा काढा. बाबा, झाकण आणा."

आम्ही दोघं तडक उठलो.

तिनं कोळसे पसरले नाहीत, मधोमध ढीग रचला. तो लालबुंद झाल्यावर पसरला, चिकन ठेवलं आणि झाकण लावलं. "आता मी सांगेपर्यंत कुणी झाकण उचलायचं न्हाई." थोड्याच वेळात आतून चरचर ऐकू आली आणि अंगणभर वास सुटला.

ती भरतीच्या तयारीला लागली होती, तेव्हा याच बंधूंनी मला सुनावलं होतं, "पोरीच्या जातीला हे कशाला?" आज तंगडी खाता खाता ते म्हणाले, "तुझ्या पोरीनं सुभेदाराला कोळसा काढायला लावला रं. आन् मी उठलो बी!" मग ताट पुढं करून लेकीला विचारलं, "मॅडम, अजून एक पीस मिळंल का?"

सगळे हसले. लेक लाजली. माझा ऊर मात्र भरून आला. तिच्या खांद्यावर स्टार लागले, त्या परेडलाही माझं असं झालं नव्हतं.