बारावा खांदा

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला प्रबंधासाठी मला बारा निरोगी पुरुषांचे खांदे हवे होते. डंबेल उचलताना खांद्याचा कोणता स्नायू किती काम करतो, हे एक छोटं यंत्र मोजतं. अकरा झाले. बारावा मुलगा तापाने पडला, आणि यंत्र सोमवारी कॉलेजला परत द्यायचं होतं. म्हणून शनिवारी ते आणि कॉलेजचे डंबेल पिशवीत घालून मी तीर्थपुरीला घरी आले. भोकरदनहून ताई आणि दाजी आले होते. दाजींनी लगेच होकार दिला.

धोंड्याचा महिना चालू होता. त्या महिन्यात आमच्याकडे जावई म्हणजे देव, याचा मी विचारच केला नव्हता.

दाजींच्या खांद्यावर चिकट पट्ट्या ताईने लावल्या. मी लांबूनच बोटाने जागा दाखवल्या. वायरी जोडल्या. दाजींनी डंबेल उचलले आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते त्यांच्या हातातून काढून घेतले.

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला वजन उचलायला लावतीस? बिलकुल न्हाई."

"मामा, दोन-दोन किलोचे तर हायेत," दाजी म्हणाले.

"मंग मीच उचलून राह्यलो ना. तुम्ही बसा."

अप्पा दाजींसमोर उभे राहून हात वर-खाली करू लागले. वायरी दाजींना, वजन अप्पांकडे. लॅपटॉपवर सरळ रेघ.

"आलं का बराबर?" अप्पांनी विचारलं.

प्रबंधाच्या सरांना हा सगळा प्रयोग मी इंग्रजीत दोन मिनिटांत समजावला होता. इथे मला एकच मराठी वाक्य सुचत होतं, 'जावयाला काम करू द्या', आणि ते अप्पांना ऐकवायची माझी हिंमत नव्हती.

"रडू नको आता," माझे भरलेले डोळे बघून ताई कुजबुजली.

तेवढ्यात आई दाजींसाठी वाणाचं ताट घेऊन आली. तेहेतीस अनारसे, पेटता दिवा. मी अप्पांच्या हातातून दोन्ही डंबेल घेतले आणि ताटात ठेवले. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, डंबेलांना हळद-कुंकू वाहिलं आणि ताट दाजींपुढे धरलं.

वाण नाकारता येत नाही, आणि दिलेलं काढूनही घेता येत नाही. अप्पा हात मागे बांधून उभे राहिले. दाजींनी दहा वेळा हात बाजूने खांद्यापर्यंत उचलले. पडद्यावर दहा सुरेख टेकाडं उमटली.

संध्याकाळी डंबेल भोकरदनच्या बसमध्ये बसले.

सोमवारी सरांनी नोंद बघितली, चांगली आलीय म्हणाले, आणि डंबेल कुठे आहेत विचारलं.

"बहिणीच्या सासरी, सर. परत मागता येणार नाहीत."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "वाण?"

मी मान हलवली. त्यांनी बाराव्या नोंदीवर सही केली.