सत्त्याण्णव पायऱ्या

पडदा वर जातो. वसईजवळच्या उमेळ्यातलं बैठं घर. डावीकडे केळीची बाग, उजवीकडे नवी सात मजली इमारत. मधल्या पडवीत खाटेवर बिस्किटांचे सहा पत्र्याचे डबे आणि त्यांच्यापाशी हातात कात्री घेऊन बसलेला बहात्तर वर्षांचा माणूस. हा आमचा फेबियन लोपीस.

पन्नास वर्षांपूर्वी गावच्या सणाला आम्ही नाटकं करायचो, तेव्हा पडदा फेबियन ओढायचा. टाळ्या आम्ही घेतल्या. पण शेवटच्या वाक्याला माझा आवाज भरून आला की एक श्वासभर थांबून मग पडदा सोडायचा, ही समज त्याची.

पुढे तो सातिवलीच्या एका गोदामात लागला. परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर साचा धरून शाईनं देशांची नावं उमटवायची. एकतीस वर्षं हेच केलं, स्वतः मात्र कधी विमानतळही पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर पुतणी सँड्रानं त्याचं नाव जगभरच्या पोस्टकार्डवेड्यांच्या मंडळात घातलं. आपण आपल्या गावचं नावाजलेलं ठिकाण कार्डावर पाठवायचं, समोरच्यानं त्याच्या गावचं. वसईच्या किल्ल्याचं कार्ड इथं दुकानात कुठं मिळतंय? मग फेबियन फोटो छापून आणतो, जाड पुठ्ठ्यावर डकवतो, कडा कापतो. किल्ला, अर्नाळा, जीवदानीचा डोंगर, सगळे असे त्याच्या पडवीतून देशोदेशी गेले.

उत्तरादाखल आलेली कार्डं त्या सहा डब्यांत, त्यातला एक अख्खा डबा हेल्मीबाईंचा. एस्टोनियातल्या एका बेटावरच्या, ब्याऐंशी वर्षांच्या, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नऊ वर्षांची ओळख, पण फोन नंबर दोघांपैकी कुणी कधी मागितला नाही. दर वाढदिवसाला बाई गावच्या दीपस्तंभाच्या सत्त्याण्णव पायऱ्या चढायच्या आणि वर जाऊन फेबियनला कार्ड लिहायच्या. जुलैत त्यांनी कळवलं की खुब्याचं ऑपरेशन आहे, घरी परतले की दीपस्तंभाचं कार्ड टाकीन.

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की फेबियन फाटकाशी उभा. मी म्हणालो, टपाल उशिरा येतं कधीकधी. तो म्हणाला, "टपालाला उशीर झाला तर चालेल रे." कात्री घेऊन पुठ्ठा कापत बसला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आळीत फेबियन लोपीस दोन आहेत. दुसऱ्याला सगळे केळीवाला म्हणतात. जुन्या पोस्टमनला पक्कं ठाऊक होतं, परदेशी तिकीट दिसलं की कार्ड सातिवलीवाल्याचं. तो निवृत्त झाला आणि नवा आला.

ऑक्टोबर हा आमचा रोझरीचा महिना. रोज संध्याकाळी आळीतल्या एकेका घरी सगळे जमतात आणि माळेची प्रार्थना होते. चोवीस तारखेला केळीवाल्याची पाळी होती. अल्तारीवर मरियामाता, दोन मेणबत्त्या, मोगऱ्याचे गजरे आणि शेजारी नव्या काचेच्या फ्रेममध्ये समुद्राकाठचा एक पांढरा उंच मनोरा.

फेबियन माझ्या शेजारी गुडघे टेकून होता. पहिल्याच दशकात, म्हणजे माळेच्या पहिल्या दहा मण्यांतच, त्याचा आवाज बंद पडला. माळ पुढं सरकेना. तरी पाचही दशकं, लितानीची आळवणी आणि शेवटचं गीत होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग उठला आणि केळीवाल्याला विचारलं, हे कुठलं?

केळीवाला अभिमानानं म्हणाला, "आमच्या ॲनीनं पाठवलंय. तिकडचं देऊळ आहे कुठलंतरी." ॲनी त्याची बहीण, मठात सिस्टर आहे इटलीत, पत्र वर्षाकाठी एखादं. इंग्रजी त्याला येत नाही. पाकिटावाचून आलेल्या कार्डावर आपलं नाव तेवढं ओळखू आलं, आणि चित्रात चर्चचा असावा तसा मनोरा. तो तडक फ्रेमवाल्याकडे गेला होता.

फेबियननं फ्रेम उघडायची परवानगी मागितली. केळीवाल्याच्या बायकोनं सुरी दिली. त्यानं मागचे खिळे काढले. कार्ड उलटून तो दिव्याखाली गेला. दोनदा वाचलं. मग खुर्चीवर बसला आणि चष्मा पुसत राहिला.

"काय लिहिलंय ॲनीनं?" केळीवाल्यानं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. फेबियननं सगळं खरं सांगितलं: हेल्मीबाई, ऑपरेशन, दीपस्तंभ. बाई घरी आल्यात, डॉक्टरांनी रोज तीन पायऱ्या चढायला सांगितलंय.

केळीवाल्याचा चेहरा पडला. "म्हणजे महिनाभर मी लाईट हाऊसपुढं मेणबत्ती लावली?"

"म्हणून लाईटचं बिल कमी आलं होय," त्याची बायको म्हणाली, आणि सगळं घर हसलं. केळीवालाही हसला, पण बहिणीचं नव्हतं ते कार्ड, हे त्याच्या डोळ्यांत राहिलं. तो फेबियनला म्हणाला, कार्ड तुझं, घेऊन जा.

फेबियननं ते पुन्हा फ्रेममध्ये बसवलं, अंगठ्यानं खिळे दाबले आणि मरियामातेशेजारी होतं तिथं उभं केलं.

"एकतीस तारखेला नेईन," तो म्हणाला. "तोवर बाईंसाठी माळ म्हणत राहा. अजून चौऱ्याण्णव पायऱ्या राहिल्यात."