काकूंनी केलेली गोळ्यांची वाटणी

समोरच्या काकूंनी आयुष्यात एखादी वस्तू एकटीने अख्खी खाल्ली किंवा वापरली, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सापडला नसता. बिस्किट चहात बुडवण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हायचे आणि एक जवळ असेल त्याच्या बशीत जायचा. जवळ कोणी नसेल तर काकू दार उघडून वाट बघायच्या. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाचीही अर्धं घावन खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. वर्तमानपत्राची बाहेरची पानं त्यांच्याकडे, आतली आमच्याकडे. त्यामुळे पहिल्या पानावर झालेल्या खुनाचा आरोपी सापडला की नाही, हे विचारायला मला त्यांच्या घरी जावं लागे. रिक्षात बसल्या की वाटेत दिसेल त्या ओळखीच्याला हाक मारून शेजारी बसवत.

चाळिशी उलटली आणि काकूंच्या हातांना आमवाताने धरलं. सकाळी बोटं इतकी आखडायची की नळ उघडण्यासाठी त्या आमचं दार वाजवत. इस्पितळात तेव्हा या दुखण्यावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता, त्यात काकूंचं नाव लागलं. सोबतीला मी होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट समजावलं, की निम्म्या पेशंटना खरी गोळी मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नसेल. शेवटी दोन्हीकडची बोटं ताडून पाहिली, की गोळीचा खरंच गुण येतो का ते कळेल. मला ते पटलं. काकू घरी येईपर्यंत धुमसत होत्या.

"अर्ध्या बायकांका नुसती पिठाची गोळी? ह्यो खंयचो न्याय?"

काही महिन्यांत त्यांची बोटं सुटली. स्वतः नारळ खवून केलेली सोलकढी त्या घेऊन आल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. मग पुढच्या खेपेला डॉक्टर त्यांचं एकेक पेर दाबून बघताना गोंधळले.

"काकू, मधेच सुधारणा थांबली. गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतंय तर. आमी दोघी वाटून घेतोव," काकू म्हणाल्या.

इस्पितळाच्या बाकावर त्यांची मानखुर्दच्या एका बाईशी ओळख झाली होती. तिलाही त्याच गोळ्या, पण गुण काडीचा नाही. लेकीची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. तिच्या वाट्याला पिठाची गोळी आली हे काकूंनी ओळखलं आणि बाकावरच पदर पसरून दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या, गोळ्या एकत्र केल्या आणि सारख्या वाटल्या. डॉक्टरांना हे सांगायची गरजच नव्हती, पण काकूंना गुपितसुद्धा एकटीला ठेवता येत नसे. शिवाय डॉक्टर खूश होतील अशी त्यांची खात्री होती.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते चिडले नाहीत. "आता तुम्हा दोघींच्या बोटांवरून मला काहीच सांगता येणार नाही, काकू. दोघींना अभ्यासातून वगळावं लागेल. ही गोळी बाहेर मिळत नाही, आणि मलाही देता येणार नाही."

"माझे बंद करा. तिचे नको," काकू म्हणाल्या. "तिना आता खंय चेडवाची वेणी घालूक घेतल्यान."

डॉक्टरांनी दोघींसाठी नेहमीच्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मला आजही डॉक्टरांचं चुकलं असं वाटत नाही आणि काकूंचंही वाटत नाही, ही माझी पंचाईत आहे. शंभर जणींच्या भल्यासाठी डॉक्टर नियमाला धरून होते आणि काकूंना शेजारी बसलेली एकच बाई दिसत होती.

ती गोळी दुकानात यायला काही वर्षं गेली. तोवर काकूंची बोटं वाकली होती. गोळीने ठणका कमी झाला, वाक गेला नाही. मानखुर्दची बाई त्यांना पुन्हा भेटली नाही. दोघींनी एकमेकींचा पत्ता कधी घेतलाच नव्हता.

एकदा त्यांची समजूत घालायला मी म्हणालो, "काकू, तुमच्यामुळे तिला थोडे दिवस तरी बरे गेले."

काकूंनी वाकडी बोटं पदराखाली घेतली. "थोडेच रे. ती पुरी बरी झाली असती," त्या म्हणाल्या. "मी त्या डॉक्टराक कित्याक सांगलंय?"