खसखशीची बोंडं

आमच्या घरात कागद वाचणारी मी एकटी. वडील रेल्वेत खलाशी होते, सहीपुरतं शिकलेले; आता ते नाहीत. आई शाळेत गेलीच नाही. जामबागेतल्या कॉलेजातून मी बी. कॉम. झाले तेव्हा आईने सिकंदराबादच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीची कामं माझ्याकडे यायला लागली. कोणाचं रेशन कार्ड, कोणाची पेन्शन, कोणाच्या मुलीचा दाखला. मी सगळीकडे जायची आणि खुर्चीतल्या माणसाशी ताठ मानेने बोलायची. मला माझ्या शिक्षणाचा गर्व होता. अजून आहे.

म्हणूनच त्या दुपारी चौकात एक्साइजवाल्यांनी स्कूटर थांबवली तेव्हा मला भीती वाटली नाही. बेगम बाजारातून किराणा घेऊन निघाले होते. त्यांच्यातल्या बाईने पिशवीत हात घातला. धने, सुकं खोबरं, मिरची, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली सुकी बोंडं.

"ये क्या है मॅडम?"

"खसखस के डोडे हैं. अम्मा के घुटने सेंकने के वास्ते."

"किसके हैं?"

"मेरे. मैं खरीदी."

एवढं सरळ, एवढं स्पष्ट. शिकलेल्या माणसाने खरं बोलायला कशाला घाबरायचं? शिवाय मी त्यांना कृतीही सांगितली. बोंडं ठेचायची, पाण्यात उकळायची, त्यात फडकं बुडवून गुडघ्याला शेक द्यायचा. आमच्या गावाकडे सगळे करतात, आजी करायची. बाई ऐकत होती आणि तिच्या शेजारचा शिपाई लिहून घेत होता.

मग कळलं की खसखस हा किराणा, पण तिचं टरफल म्हणजे अमली पदार्थ. दाणा प्रत्येक दुकानात मिळतो, ते दाणे ज्यात असतात ते बोंड बाळगलं की गुन्हा. मला माहीत नव्हतं. आईला तर नव्हतंच. ती मला बाजारात पाठवताना नेहमी एवढंच सांगायची, "बोंडं मागून घे गं, ते मागच्या खोलीतून देतेत." मला वाटायचं, जुना माल मागे ठेवत असतील.

"कहाँ से लिए?" त्यांनी विचारलं. मी त्यांना घेऊन गेले. तो जडीबुटीवाला मला लहानपणापासून ओळखतो. आईबरोबर जायचे तेव्हा ज्येष्ठमधाची कांडी चोखायला द्यायचा. कॉलेजात गेले तेव्हा म्हणाला होता, "बेटी बडी अफसर बनेगी." वर्दी बघून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मैं तो पहचानता-इच नै साब इनको."

मागची खोली रिकामी होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो मोजमापाच्या पितळी वाट्या एकात एक घालून ठेवत होता, जणू त्या दिवशीचं सर्वांत महत्त्वाचं काम तेच होतं.

ठाण्यात मला पाणी दिलं, ओरडलं कोणी नाही. माल थोडा म्हणून नोटीस देऊन सोडणार होते. "घर से किसीको बुला लो, साइन करने." मी फोन काढला. यादी भरलेली होती. शेजारची काकू, रेशनवाले मामा, पेन्शनवाले काका, मंडळातल्या वहिनी. सगळे नंबर त्यांच्या कामांसाठी माझ्याकडे आलेले. माझ्या कामासाठी लावावा असा एकही नव्हता. आईला फोन केला असता तर ती रिक्षा करून आली असती आणि दारातूनच ओरडली असती, "माझीच बोंडं हायेत, मीच सांगितलं तिला!" मग दोन नावं लिहिली गेली असती.

"कोई नै है," मी म्हणाले, आणि एकटीने सही केली.

कोर्टाचा कागद आला तेव्हा गेले. आवारात मोफत वकील मिळण्याची खोली आहे. मी दारातच थांबले. फुकटचा वकील गरिबांसाठी असतो, मला पगार आहे, असं मी तिथल्या माणसाला सांगितलंसुद्धा. तो कंटाळून म्हणाला, "औरतां को सबको मिलता मॅडम. पगार कोई नै पूछता. बैठो."

मिळाली ती वकील माझ्याच वयाची, तेलुगू बोलणारी. डब्यातला दहीभात खात होती. खाता खाताच विचारलं, "एक्साइजवालां को क्या क्या बोले?"

"सब. सच सच."

तिने डब्याचं झाकण लावलं. "पढे-लिखे लोगां का येच है. पूछे एक, बताए दस. 'वकील आने दो, फिर बोलती' इतना बोलते नै आता?"

मला राग आला. मग लक्षात आलं, गल्लीतल्या लोकांना मी अगदी याच आवाजात विचारते, सही करायच्या आधी मला का नाही दाखवलं म्हणून.

नंतर तिने खुर्ची जवळ ओढली आणि नीट समजावलं. सोपा रस्ता म्हणजे गुन्हा कबूल करायचा. माल थोडा, पहिलीच वेळ, बहुतेक दंडावर सुटशील. पण नावावर गुन्हा राहील. दुसरा रस्ता लढायचा. पण मग बोंडं शेक द्यायलाच आणली होती, नशेसाठी नाही, हे कोणीतरी येऊन सांगायला पाहिजे. "अम्मा को लेके आओ. घुटने दिखाएगी, बोलेगी."

"और उनको पूछे, मंगवाया कौन?"

"पूछ सकते."

"मग आई येणार नाही," मी मराठीतच बोलून गेले. तिला समजलं.

"तो कबूल करो."

"नै."

"चूडम्मा, देख," ती म्हणाली. रागावली नव्हती. "मैं तेरे बाजू खडी रहूँगी. पर गवाही मैं नै दे सकती. तू अकेली पडेगी."

आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे. त्याच नावापुढे मी स्वतःच्या सहीने गुन्हा लिहून देणार नाही. आणि आईला त्या पिंजऱ्यात उभी करणार नाही. दोन्ही नाही म्हटल्यावर उरतात त्या तारखा. तारखेला मी ऑफिसातून रजा घेते, कारण लिहिते आईचे गुडघे. घरी सांगते, ऑफिसला चालले. कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी असतं. चोरीच्या आरोपातल्या पोराबरोबरही त्याची मावशी असते, केळी सोलून देते. मी भिंतीला टेकून माझ्या नावाची वाट बघते. शिपाई नाव चुकीचं पुकारतो, तरी मी हात वर करते.

हे मी मराठीत लिहिते आहे. आमच्या घरात ते वाचणारं दुसरं कोणी नाही.

गेल्या तारखेहून परतले तर आई पलंगावर पाय पसरून बसली होती. "गुडघे लई ठणकायलेत बाई. बोंडं आणते म्हणलीस, किती दिस झाले."

"मिळत नाहीत आता, आई."

"मिळत कशी नाहीत? तुला मागता येत नसंल. रविवारी मीच येते तुझ्यासंगं. मला वळखतो तो माणूस."

माझ्या डोळ्यांसमोर ते दुकान आलं. आई पायरी चढते आहे, एक हात गुडघ्यावर, आणि मोठ्या आवाजात सगळ्या बाजारादेखत बोंडं मागते आहे.

"त्याने दुकान बंद केलं," मी म्हणाले. "गावी गेला."

"असा कसा गेला न सांगता?" आई हळहळली. "चांगला होता बिचारा. तुला जेष्ठमध द्यायचा."

मी स्वयंपाकघरात गेले. तव्यावर जाडं मीठ गरम केलं, जुन्या साडीच्या फडक्यात बांधलं आणि तिच्या पायाशी बसून शेकायला लागले. मिठाची पुरचुंडी लवकर गार होते, पुन्हा पुन्हा उठावं लागतं.

"तशी ऊब नाही याला," आई म्हणाली.

"नाही," मी म्हणाले, आणि परत तवा ठेवायला उठले.